मीटरवरचं शून्य आणि वाटेत हरवणारा अमोनिया

धुरातला अमोनिया मोजणाऱ्या यंत्रावर शून्य दिसलं की आजूबाजूच्या सगळ्यांना हायसं वाटतं. मला वाटत नाही. आकडा जास्त आला तर लोक लगेच कारणं शोधायला लागतात आणि ती बहुधा सापडतातही. आकडा कमी आला की कोणी काही शोधतच नाही, अहवालावर सही होते आणि काम संपतं. अमोनियाच्या बाबतीत हे फार धोक्याचं आहे. गरम धुरातून यंत्रापर्यंत येताना हा वायू इतक्या जागी अडकतो, विरघळतो, जळून जातो किंवा क्षार होऊन बसतो, की शेवटी पडद्यावर जे दिसतं ते चिमणीत काय आहे यापेक्षा वाटेत काय उरलं याचंच मोजमाप असू शकतं.

माझं काम ज्वलनातून निघणाऱ्या वायूंच्या मोजमापाचं. कधी बॉयलरचा डक्ट, कधी इंजिनाची टेस्ट बेंच. कार्बन मोनॉक्साइड, ऑक्सिजन, सल्फर डायऑक्साइड हे वायू त्या मानाने सरळ. अमोनिया तसा नाही, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. 'सेन्सर कुठला घेऊ?' असं मला अनेकदा विचारलं जातं. सेन्सर महत्त्वाचा आहेच, पण माझ्या मते तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: धुरातला अमोनियाचा रेणू सेन्सरपर्यंत जिवंत पोचणार कसा?

आधी तो तिथे येतो कुठून ते सांगते. बहुतेक ठिकाणी तो जळणातून आलेला नसतो, आपणच घातलेला असतो. ज्वाला तापली की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती मोडायला धुरात अमोनिया सोडतात. उत्प्रेरकावर अमोनिया आणि नायट्रिक ऑक्साइड एकास एक या प्रमाणात भिडतात आणि नायट्रोजन व पाण्याची वाफ उरते. या पद्धतीला एससीआर म्हणतात. उत्प्रेरकाशिवायही हे होतं, पण त्यासाठी साधारण ८५० ते ११०० अंश सेल्सिअसची पट्टी गाठावी लागते. एक्सॉनच्या रिचर्ड लायन यांना या पद्धतीचं पेटंट १९७५ मध्ये मिळालं. डिझेल गाड्यांमध्ये अमोनियाची टाकी बाळगणं शक्य नसतं, म्हणून ३२.५ टक्के युरियाचं पाणी फवारतात. गरम धुरात त्याचाच अमोनिया होतो.

अडचण प्रमाणाची आहे. समजा, इंजिनातून ५०० पीपीएम (दहा लाखांत पाचशे भाग) नॉक्स येतंय आणि त्यातलं जवळजवळ सगळं मोडायचंय, म्हणजे जवळजवळ ५०० पीपीएम अमोनिया द्यावा लागणार. डोसिंगमध्ये अवघी दोन टक्के चूक झाली, तर १० पीपीएम अमोनिया न वापरलेला राहून बाहेर पडणार. याला अमोनिया स्लिप म्हणतात. अवजड वाहनांच्या इंजिनांसाठी युरो ६ नियमांत चाचणीतल्या सरासरी स्लिपची मर्यादा नेमकी १० पीपीएम आहे. म्हणजे दोन टक्क्यांची चूक एवढीच काय ती सवलत. धूर मात्र सतत बदलत असतो: भार वाढतो, तापमान चढतं, युरिया फवारणाऱ्या डोसरचं तोंड क्षारांनी अर्धवट बुजतं.

स्लिप म्हणजे फक्त वाया गेलेला अमोनिया असं मानणारे भेटतात, तेव्हा मी थोडा आवाज चढवून बोलते. धुरात सल्फर ट्रायऑक्साइड असेल तर त्याच्याशी मिळून अमोनियम बायसल्फेट होतं. ते दोनशे अंशांच्या आसपास, कमी-जास्त सांद्रतेनुसार, चिकट द्रवासारखं साचतं आणि बॉयलरच्या एअर प्रीहीटरमध्ये, म्हणजे ज्वलनाची हवा आधी तापवणाऱ्या भागात, राखेला धरून वाटा बंद करतं. चिमणीबाहेर गेलेला अमोनिया हवेत नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांशी जोडला जाऊन अमोनियम नायट्रेट व सल्फेटचे सूक्ष्म कण बनवतो. हे कण पीएम २.५ मध्ये मोजले जातात. फुप्फुसांना त्रास नको म्हणून नॉक्स कमी करायचं आणि त्या नादात सूक्ष्म कणांचा कच्चा माल हवेत सोडायचा, हे मला मुळीच पटत नाही. म्हणून स्लिपचा आकडा खरा असायला हवा.

आता सेन्सर. गाडीत आधीपासून एक नॉक्स सेन्सर असतो. झिर्कोनिया या सिरॅमिकचा, आत दोन कप्पे. पहिल्या कप्प्यातून विद्युतप्रवाहाने ऑक्सिजन उपसून टाकतात, दुसऱ्यात नायट्रिक ऑक्साइड मोडतात आणि त्यातून सुटलेल्या ऑक्सिजनचा प्रवाह मोजतात. सगळं साधारण ८०० अंशांच्या घरात चालतं. एवढ्या तापमानाला अमोनियाचं काय होतं? तो ऑक्सिजनशी जळून स्वतःच नायट्रिक ऑक्साइड होतो. सेन्सरला तो नॉक्सच वाटतो, आणि प्रमाणही जवळजवळ एकास एक. त्यामुळे उत्प्रेरकाच्या मागे बसवलेला नॉक्स सेन्सर २० पीपीएम दाखवत असेल, तर ते २० पीपीएम नॉक्स असेल, २० पीपीएम अमोनिया असेल, किंवा दोन्हींची बेरीज असेल.

याचा नियंत्रणावर होणारा परिणाम पाहा. युरिया कमी पडला की नॉक्स उरतं, सिग्नल वर. युरिया जास्त झाला की अमोनिया सुटतो, सिग्नल पुन्हा वर. मध्ये कुठेतरी तळ. नियंत्रकाने 'सिग्नल वाढला म्हणजे युरिया वाढवा' एवढंच शिकलेलं असेल, तर एकदा तळाच्या चुकीच्या बाजूला गेल्यावर तो अमोनिया ओततच राहील. यावर एक युक्ती वापरतात. डोस मुद्दाम थोडा कमी करून बघायचा. सिग्नल उतरला तर तो अमोनिया होता, चढला तर नॉक्स. युक्ती चांगली आहे, पण तांब्याचा झिओलाइट (सूक्ष्म पोकळ्यांचं खनिज) असलेला उत्प्रेरक स्वतःत भरपूर अमोनिया साठवून ठेवतो. डोस कमी केला तरी साठा काही काळ पुरतो आणि उत्तर उशिरा येतं. तोवर गाडी चढाला लागलेली असते, उत्प्रेरक तापतो, साठलेला अमोनिया एकदम सुटतो, आणि प्रश्नच बदललेला असतो.

म्हणून थेट अमोनियाच ओळखणारा सेन्सर हवा. गाडीच्या एक्झॉस्टमध्ये टिकू शकेल असा जो प्रकार प्रत्यक्षात आला, तो मिश्र विभवाचा. पुन्हा झिर्कोनियाच, पण इथे प्रवाह नाही, व्होल्टेज मोजतात. एका इलेक्ट्रोडवर एकाच वेळी दोन गोष्टी चालतात: अमोनिया जळून इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. दोन्ही प्रवाह जिथे सारखे होतात तिथे इलेक्ट्रोडचं विभव स्थिरावतं. प्लॅटिनमच्या दुसऱ्या इलेक्ट्रोडशी असलेला फरक म्हणजे आपला सिग्नल. इलेक्ट्रोड असा निवडायचा की त्यावर अमोनिया सहज जळावा आणि नायट्रिक ऑक्साइड, हायड्रोकार्बन यांना फारसं जमू नये. सोन्याचे मिश्रधातू आणि व्हॅनेडियमची ऑक्साइडं, विशेषतः बिस्मथ व्हॅनेडेट, यासाठी वापरली गेली आहेत.

या सेन्सरचा प्रतिसाद लॉगरिदमिक असतो, हे वापरणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवायला हवं. १० वरून २० पीपीएमला जितके मिलिव्होल्ट वाढतात, साधारण तितकेच १०० वरून २०० ला. म्हणजे कमी पातळीवर तो चांगला बारीक बघतो, पण वर गेल्यावर त्याची नजर भरड होते. स्लिप पकडण्यासाठी हे सोयीचंच आहे. गैरसोय अशी की ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ बदलली की विभवही सरकतं. त्यामुळे इंजिनाच्या नियंत्रकाकडून हवा-इंधनाचं प्रमाण घेऊन दुरुस्ती करावी लागते. नायट्रोजन डायऑक्साइडचीही लुडबुड असते. अशी दुरुस्ती न करता कच्चा सिग्नल आलेखावर टाकून कोणी निष्कर्ष काढत असेल, तर मी तो आलेख बाजूला ठेवते.

दुसरा प्रकार मला मनापासून आवडतो. झिओलाइटच्या पोकळ्यांमध्ये प्रोटॉन असतात आणि ते एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारू शकतात. अमोनियाचे रेणू आत शिरले की प्रोटॉनना ने-आण करणारे वाहक मिळतात आणि थराचा विद्युतरोध उतरतो. चारशे अंशांच्या वर ठेवलं की पाण्याच्या वाफेचा प्रभाव बराच कमी होतो, अमोनियाचा मात्र राहतो. जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठात राल्फ मोस आणि त्यांच्या गटाने यावर पुष्कळ काम केलं. पण त्यांची त्यापुढची उडी मला जास्त मोठी वाटते. एससीआरचा उत्प्रेरकही झिओलाइटच ना? मग वेगळा सेन्सर कशाला? उत्प्रेरकाचा धातूचा डबा मायक्रोवेव्हसाठी पोकळी म्हणून वापरायचा. आत साठलेला अमोनिया वाढला की झिओलाइटचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि पोकळीची अनुनाद वारंवारिता सरकते. बाहेर सांडलेला अमोनिया मोजण्याऐवजी आत किती भरलाय तेच कळतं, म्हणजे सांडण्याआधी डोस आवरता येतो. सांडून गेल्यावर मोजणं हे तसंही उशिराचंच ज्ञान. रोजच्या वापरात हे यावं असं मला फार वाटतं.

टिन किंवा टंगस्टन ऑक्साइडचे स्वस्त अर्धवाहक सेन्सर खोलीतली गळती ओळखायला उपयोगी पडतात. धुरात, जिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हेही त्याच पद्धतीने सिग्नल देतात, तिथे मी ते वापरत नाही.

आता वाटेबद्दल, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. चिमणी असो वा टेस्ट बेंच, बरेचदा यंत्र धुरात नसतं. धुरात खुपसलेल्या प्रोबमधून धूर ओढून, नळीतून यंत्रापर्यंत आणतात. इतर वायूंसाठी धूर थंड करून त्यातलं पाणी काढून टाकायची सवय असते. अमोनियाच्या बाबतीत असं केलं की खेळ तिथेच संपला. अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो. पाण्याच्या एका थेंबात त्याच्या आकारमानाच्या शेकडो पट वायू मावतो. कूलरमधून कोरडा होऊन आलेल्या धुरात अमोनिया जवळजवळ नसतोच. यंत्र मग अगदी प्रामाणिकपणे शून्य दाखवतं.

म्हणून नळी तापवलेली हवी, इंजिनाच्या चाचणीत साधारण १९० अंश, आणि धूर ओलाच मोजायचा. पण नळी तापवली म्हणजे झालं असं नाही. फिल्टरचं घर, झडप, जोड, यंत्राचं तोंड, यातली एखादी जागा जरी थंड राहिली तरी अमोनिया तिथे बसतो. उलट प्रोबचं पोलाद फार तापलं, तर त्याच्याच पृष्ठभागावर अमोनिया जळू शकतो. फिल्टरवर काजळी किंवा राखेचा थर बसला की तो थरच अमोनिया धरून ठेवतो.

एका कोळशाच्या बॉयलरवर असंच झालं होतं. एससीआर बसवलेला, ऑनलाइन यंत्र स्लिप १ पीपीएमच्या खाली दाखवत होतं, सगळे समाधानी. राख हाताळणाऱ्या विभागातले एक ज्येष्ठ कर्मचारी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मीटर काही म्हणू दे. राखेवर पाणी मारलं की डोळ्यांत पाणी येतं. हा वास आधी नव्हता." मी त्यांच्याबरोबर गेले. खरंच, ओल्या राखेतून अमोनियाचा वास स्पष्ट येत होता. उडती राख धुरातला अमोनिया धरून ठेवते. तिच्यात चुना असेल तर पाणी पडताच ती अल्कधर्मी होते आणि धरलेला अमोनिया वायू होऊन सुटतो. म्हणजे धुरात अमोनिया होता. मग मीटरपर्यंत येत का नव्हता?

मी म्हटलं, "काका, तुमचं नाक बरोबर आहे. आपण नळी उघडून बघू." प्रोब आणि तापवलेली नळी यांच्यामधल्या जोडावरचं वेष्टण निघालेलं होतं. हातभर सुद्धा जागा नसेल, पण उघडी, वाऱ्याला तोंड करून. जोड सोडवला तर आत पांढरट, चिकट थर. अमोनियाचे क्षार. साफ करून, ती जागा नीट तापवून पुन्हा सुरू केलं तेव्हा आकडा हळूहळू वर जात सहाच्या पुढे गेला. नियंत्रण कक्षात नाराजी पसरली, कारण मोजमाप सुधारलं आणि कामगिरी बिघडल्यासारखी दिसली. पण अमोनिया सोडणाऱ्या नळ्यांच्या जाळीतला, म्हणजे इंजेक्शन ग्रिडमधला, असमतोल त्यानंतरच शोधला गेला. काकांनी सांगितलं नसतं तर एअर प्रीहीटर तुंबेपर्यंत कोणी बघितलं नसतं. तेव्हापासून कुठेही गेले की राखेच्या लोकांशी बोलल्याशिवाय मी अहवाल लिहीत नाही.

तापमानाखेरीज आणखी एक गोष्ट असते, भिंतींची भूक. नळीच्या आतल्या पृष्ठभागावर अमोनियाचे रेणू चिकटतात. सुरुवातीला भिंत रेणू घेत राहते आणि आकडा हळू चढतो. मग धुरातला अमोनिया थांबला तरी भिंत घेतलेले रेणू परत देत राहते आणि आकडा हळू उतरतो. क्षणभराचा मोठा स्लिप अशा नळीतून बुटका आणि लांबट होऊन बाहेर येतो. सरासरी कदाचित बरोबर निघेल, पण शिखर साफ बुडालेलं असतं. यासाठी मी प्रोबच्या तोंडाशी ओला स्पॅन गॅस, म्हणजे अमोनियाचं प्रमाण आधीच माहीत असलेला वायू, सोडून चढायला आणि उतरायला किती वेळ लागतो ते दोन्ही वेगवेगळं नोंदवते. यंत्राच्या पाठीमागच्या तोंडाला कोरडा सिलिंडर जोडून केलेलं कॅलिब्रेशन फक्त यंत्राबद्दल सांगतं, वाटेबद्दल अक्षरही नाही. चढण्यापेक्षा उतरायला बराच जास्त वेळ लागत असेल, तर कुठेतरी थंड कोपरा किंवा घाण आहे हे मी धरूनच चालते.

ही वाटच टाळायची असेल तर लेझर. डक्टच्या एका बाजूने प्रकाश सोडायचा, दुसऱ्या बाजूला पकडायचा, धूर जागचा हलवायचाच नाही. जवळच्या अवरक्तात १.५ मायक्रॉनच्या आसपास अमोनियाच्या रेषा आहेत आणि तिथले डायोड लेझर दूरसंचारामुळे सहज मिळतात. रेषा मात्र दुबळ्या. एका मीटरच्या वाटेत १ पीपीएम अमोनिया त्या प्रकाशातला लाखातला एखादा भाग अडवतो, गरम धुरात त्याहूनही कमी. म्हणून लेझरची तरंगलांबी रेषेवरून पुढे-मागे नाचवून त्या नाचवण्याच्या दुप्पट वारंवारितेवर सिग्नल शोधतात. १० मायक्रॉनच्या आसपासच्या रेषा शंभरेक पटींनी बळकट आहेत; क्वांटम कॅस्केड लेझर तिथे काम करतात, पण महाग पडतात. लेझरलाही त्रास असतातच. राख दाट असली की प्रकाश पलीकडे पोचत नाही, डक्ट तापून वाकला की नेम चुकतो, आणि जो आकडा मिळतो तो त्या एका रेषेवरची सरासरी असतो. डक्टच्या वरच्या कोपऱ्यातून अमोनियाचा पट्टा जात असेल तर लेझरला तो दिसणारही नाही. तरीही मोठ्या डक्टसाठी आज मला निवड करायची असेल तर मी लेझरच घेईन.

एक जुनी पद्धत अजून दिसते: दोन नॉक्स विश्लेषक, एकाच्या आधी अमोनियाचं नायट्रिक ऑक्साइड करणारी गरम भट्टी, आणि दोन आकड्यांची वजाबाकी. समजा, एक ६० दाखवतो, दुसरा ६३. स्लिप ३. पण प्रत्येकाची चूक दोन टक्के धरली तर वजाबाकीतली चूक अडीच पीपीएमच्या घरात जाऊ शकते. म्हणजे स्लिप अर्धा असेल किंवा साडेपाच. नॉक्स फार कमी असेल तरच मी या पद्धतीला होकार देते. वाद झालाच तर शेवटचा शब्द ओल्या रसायनशास्त्राचा: मोजून घेतलेला धूर सौम्य सल्फ्युरिक आम्लातून बुडबुडवायचा आणि अमोनियम प्रयोगशाळेत मोजायचं. आयएसओ २१८७७ या मानकात हीच रीत आहे. वेळखाऊ, पण भरवशाची, अर्थात प्रोब गरम असेल तरच.

आता नवीनच क्षेत्र उघडतंय. जहाजांची इंजिनं अमोनियावर चालवायचे प्रयत्न सुरू आहेत. तिथे अमोनिया घातलेलं औषध नसून इंधनच आहे, आणि त्याची ज्वाला मंद असल्याने न जळलेला अमोनिया हजारो पीपीएममध्ये येऊ शकतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी २५ पीपीएम ही शिफारस केलेली मर्यादा आणि ३०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका मानतात, हे लक्षात घेतलं तर मोजमापाची जबाबदारी किती वाढते ते कळेल. शिवाय अमोनिया अचूक प्रमाणात पूर्ण जळाला तर धुरात जवळपास ३१ टक्के पाण्याची वाफ असते, डिझेलच्या धुराच्या कितीतरी पट. वाफेने सरकणारे सगळे सेन्सर इथे नव्याने तपासावे लागणार. सोबत नायट्रस ऑक्साइडही मोजावं लागणार, कारण शंभर वर्षांच्या हिशोबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता धरतो. ते सुटलं तर कार्बनमुक्त इंधनाचा फायदाच धुऊन जाईल.

उत्प्रेरकाच्या आधी हजारांत आणि नंतर एक आकडी, ही दोन्ही टोकं एका सेन्सरवर सोपवू नयेत असं माझं ठाम मत आहे. आधीच्या जागी छोट्या वाटेचा लेझर, नंतरच्या जागी लांब वाटेचा, आणि माणसं वावरतात तिथे वेगळे गळती सेन्सर. धूर नळीतून आणायचाच असेल, तर नंतरच्या नळीत आधीच्या नळीतला एकही जोड, एकही झडप वापरायची नाही. हजारो पीपीएम प्यायलेली भिंत तासन् तास अमोनिया परत देत राहते आणि पाचच्या जागी पन्नास दाखवू शकते.